पगाराची स्लिप मागितली तर म्हणतोय "बँकेत बघ की" – कायद्यात काय हाय?

मच्छे_गेट

नमस्कार मंडळी. बेळगावच्या उद्यमबागेत एका फाउंड्रीत कॉन्ट्रॅक्टवर हाय, फेटलिंगला, म्हणजे ओतलेलं कास्टिंग घासून साफ करायला. कंपनीचं आणि कॉन्ट्रॅक्टरचं नाव लिहीत न्हाई, कोण कुठनं वाचत असतंय सांगता येत न्हाई.

विषय असा की पगार बँकेत येतोय, वेळेवर बी येतोय, तक्रार ती न्हाई. खरं कशाचे किती धरले आणि कशाचे किती कापले ते कोण सांगत न्हाई. लागताना तोंडी सांगितलं, दिवसाची हजेरी ५६०, पीएफ आणि ईएसआय (आजारपणाचा विमा) कटिंग होणार, ओटी म्हणजे जादा तासाचे वेगळे. कागद काय दिला न्हाई. गेल्या महिन्यात २६ हजेरी भरल्या, एक खाडा न्हाई, आणि बँकेत पडले १०,३३६. ओटीचे पैसे वेगळे, पाकिटातनं, पाकिटावर नुसतं नाव. सुपरवायझरला विचारलं तर म्हणतोय कॉन्ट्रॅक्टरला विचार, कॉन्ट्रॅक्टर म्हणतोय "बँकेत बघ की, पडलेत न्हवं", आणि ऑफिसात गेलं तर म्हणत्यात तू आमच्या रोलवर न्हाईस.

माझा प्रश्न एवढाच, हिशोब सांगायची सक्ती हाय का सगळी मालकाची मर्जी? आणि १०,३३६ कसे आले ते कोणतरी सांगा, मी डोकं लावून दमलो.

अनगोळचा_बंड्या

भावा २६ हजेरीला १० हजार म्हणजे लई कापलेत. खरं एक सांगतो, जास्त विचारायला लागलास की पुढच्या महिन्यात गेटपास बंद होतोय. आमच्या गल्लीतल्या पोराचं तसंच झालं. आधी दुसरीकडं बघून ठेव, मग विचार.

हिशोबनीस

मी इथल्याच काही कारखान्यांचं पेरोल बघतो, त्यामुळे आधी आकडा सोडवतो, कायदा नंतर.

५६० गुणिले २६ म्हणजे १४,५६०. कामगाराचा पीएफ १२ टक्के, १,७४७ रुपये. ईएसआय कामगाराचा पाऊण टक्का, ११० रुपये. हे दोन वजा केले की १२,७०३ राहतात. प्रोफेशनल टॅक्स कर्नाटकात २५ हजाराच्या खाली नाही, म्हणजे तो विषय नाही. तर तुमच्या खात्यात १२,७०३ पडायला हवे होते. पडले १०,३३६. फरक २,३६७.

आता बघा, मालकाचा पीएफ १२ टक्के आणि वर खर्चाचा १ टक्का, असे १३ टक्के म्हणजे १,८९३. मालकाचा ईएसआय सव्वातीन टक्के, ४७४. बेरीज करा. २,३६७, रुपयाचा फरक नाही.

म्हणजे कॉन्ट्रॅक्टर त्याचा हिस्सा पण तुमच्याच हजेरीतनं कापून घ्यायलाय. पीएफची स्कीम आणि ईएसआयचे नियम, दोन्हीकडं स्पष्ट लिहिलंय की मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातनं कापता येत नाही. ऑफिसवाल्यांच्या सीटीसीमध्ये, म्हणजे कंपनीला पडणाऱ्या एकूण खर्चाच्या आकड्यात, हे आधीच मिसळून दाखवतात, तो वेगळा खेळ, पण "हजेरी ५६०" म्हणून ठरवल्यावर असं करता येत नाही.

स्लिप का देत नाही ते कळलं असेल. स्लिपवर हे लिहायचं झालं तर कुठल्या रकान्यात लिहिणार तो?

मच्छे_गेट

आयला. अण्णा तुम्ही दोन मिनिटात काढलासा. आमच्यात पंचवीस-तीस पोरं हायत कॉन्ट्रॅक्टवर, सगळ्यांचं असंच असणार की मग.

हिशोबनीस

असणारच. एकट्याचं कोण असं करत नाही, शीटला एकदा फॉर्म्युला लावला की सगळ्यांना लागतो.

आता कायदा. १९३६ चा पेमेंट ऑफ वेजेस ॲक्ट आणि १९४८ चा मिनिमम वेजेस ॲक्ट, या दोघांतनं रजिस्टर, स्लिप, नोटीस वगैरे आलेलं. कॉन्ट्रॅक्ट लेबरच्या केंद्रीय नियमांत तर स्लिप पगाराच्या निदान एक दिवस आधी द्यायची असं होतं, म्हणजे पैसे हातात पडायच्या आत चूक सापडावी. किती जण देत होते ते सोडा. आता हे जुने कायदे गुंडाळून कोड ऑन वेजेस आला, मंजूर झाला २०१९ ला आणि लागू झाला २१ नोव्हेंबर २०२५ पासून. त्याचं कलम ५० वाचा. मालकानं प्रत्येक कामगाराला वेज स्लिप द्यायची. आणि बोर्डावर लावायचं की कुठल्या कॅटेगरीला काय दर, पगार किती दिवसाचा, कुठल्या तारखेला किती वाजता मिळणार, आणि इन्स्पेक्टरचं नाव पत्ता. यातनं सूट कुणाला, तर शेतीला किंवा घरकामाला पाच किंवा त्याच्या आत माणसं ठेवणाऱ्याला. फाउंड्रीला नाही.

नेमणुकीचा कागद पण द्यायचा असतोय, तो दुसऱ्या कोडात आहे, सेफ्टी-हेल्थवाल्या. तुम्ही कॉन्ट्रॅक्टवर असलात तरी.

आणि "आमच्या रोलवर नाहीस" हे अर्धंच खरं. कॉन्ट्रॅक्टरनं पैसे बुडवले तर ज्याच्या कारखान्यात काम केलं त्यानं द्यायचे, ही जबाबदारी १९७० च्या कॉन्ट्रॅक्ट लेबरच्या कायद्यातही होती आणि आताही आहे. ऑफिसवाल्यांना हे पाठ असतंय, तुम्हाला माहीत नसेल म्हणून बोलतात.

छोटा_कारखानदार

एकतर्फी चाललंय म्हणून लिहितो. माझं जॉबवर्कचं युनिट आहे, तीन सीएनसी, दोन व्हीएमसी मशीन, पंधराच्या आत माणसं. मी स्लिप देतो. कॉम्प्युटरवर नाही, छापील पुस्तकातली, पण देतो. सगळे मालक चोर नसतात एवढं लक्षात ठेवा.

पण हे जे बोर्डावर दर लावायचं म्हणताय ना, ते करून बघा एकदा. एका ऑपरेटरला ड्रॉइंग वाचता येतं, सेटिंग स्वतः करतो, त्याला दुसऱ्यापेक्षा दोन हजार जास्त देतो. हे दुसऱ्याला कळलं की सकाळी मशीन बंद ठेवून केबिनच्या दारात उभा. त्याला समजवा, मग तिसरा येतो. आणि शेजारच्या शेडवाल्याला कळलं की तो पाचशे जास्त देऊन माझा सेटर पळवणार. काम देणारी पार्टी पैसे देते नव्वद दिवसांनी, पगार मला सात तारखेच्या आत करायचा. पारदर्शकता बोलायला छान आहे.

हिशोबनीस

बोर्डावर नावानं पगार लावायचा नाहीये साहेब. कॅटेगरीचा दर लावायचा, अकुशल, अर्धकुशल, कुशल असा. तुमच्या सेटरला वर किती देता ते कुणी विचारत नाही.

छोटा_कारखानदार

हां, मग ते ठीक आहे. तेवढं लावलेलंच आहे, फॅक्टरी इन्स्पेक्टर विचारतो म्हणून.

निपाणीची_अक्का

माझं पण जरा ऐका. आमच्या निपाणीत बिडीचा दर कोणाला विचारायला लागत न्हाई, हजारी किती ते शेंबड्या पोराला बी माहीत असतंय, एप्रिलला डीए वाढला की गल्लीत आधी बातमी येत्या. दर माहीत असून काय हुतंय ते सांगते.

आई माझी वळती बिड्या, मी बी लग्नाआधी वळायचे. कारखान्यातनं पान आणि जर्दा मोजून देत्यात, हजार बिडीला एवढं म्हणून. पान फाटकं, बारीक, किडकं निघतंय, त्यात हजार हुईतच न्हाई. मग काय, बाजारातनं आपल्या पैशानं पान आणायचं आणि हजार भरून द्यायच्या. वर तिथं चेकर बसलेला असतोय, मूठभर काढून छाट म्हणून बाजूला टाकतोय. छाट टाकलेली बिडी फेकत न्हाईत हां, ती बी खपत्या कुठंतरी, फक्त तिचे पैसे आईला मिळत न्हाईत. कार्डावर काय लिहितोय, तर ९००. हजार दिल्या हे कुठंच लिहिलेलं न्हाई, विकत आणलेलं पान कुठंच न्हाई.

तवा तुमची ती स्लिप द्या म्हणताय ते बरोबरच हाय, खरं स्लिपवर किती दिलं, किती घेतलं, किती छाटलं आणि का छाटलं, हे सगळं यायला पाहिजे. नुसता दर आणि शेवटचा आकडा लिहून काय उपेग? तो तर आम्हाला न लिहिता बी कळतोय.

टिळकवाडी_ते_ट्रेंटन

अक्का, एकदम मुद्द्याचं बोललात. मी शिकलो बेळगावात, आता न्यू जर्सीत असतो, ऑफिस न्यू यॉर्कला. इकडं हा विषय गेली काही वर्षं फार गाजतोय, म्हणजे नोकरीच्या जाहिरातीतच पगार इतका ते इतका असं लिहायची सक्ती. कोलोरॅडोनं २०२१ पासून सुरू केलं, २०२२ ला न्यू यॉर्क शहर, २०२३ ला कॅलिफोर्निया. युरोपियन युनियननं २०२३ मध्ये निर्देश काढला आणि सदस्य देशांना कायदे करायला जून २०२६ पर्यंत मुदत दिली. त्यात इंटरव्ह्यूच्या आधी पगार सांगायचा, आणि उमेदवाराला "आधी किती मिळत होता" हे विचारायचंच नाही. हे मला सगळ्यात भारी वाटलं, कारण पुण्यात माझ्या प्रत्येक इंटरव्ह्यूत तोच पहिला प्रश्न असायचा आणि एकदा कमी पगारावर लागलं की तो आकडा पुढं चिकटूनच राहतो.

पण मच्छे_गेट यांच्या उपयोगाची गोष्ट दुसरीच आहे. न्यू यॉर्क राज्यात २०११ पासून असा कायदा आहे की माणूस कामाला लागतानाच त्याला लेखी द्यायचं, दर काय, ओटीचा दर काय, पगाराचा दिवस कुठला, मालकाचं नाव पत्ता फोन. आणि ते इंग्रजीत तर द्यायचंच, शिवाय कामगार जी आपली भाषा सांगेल तिच्यात पण द्यायचं, सरकारनं त्या भाषेत फॉर्म काढला असेल तर. स्पॅनिश, चिनी, कोरियन, पोलिश असे फॉर्म काढलेत. कामगाराची सही घेऊन कागद जपून ठेवायचा. पेस्लिप दर पगाराला वेगळी.

खानापूरचा_पावणा

भाषेचं बोललात ते बरं झालं. आमच्या गेटवर बोर्ड हाय, मोठा हाय, खरं कन्नडमध्ये आणि खाली इंग्लिशमध्ये. आमची निम्मी माणसं खानापूर, बैलूर, जांबोटी भागातली, मराठी शाळेत शिकलेली. कन्नड बोलत्यात मोडकंतोडकं, वाचता येत न्हाई. मग तो बोर्ड कुणासाठी लावलाय, इन्स्पेक्टरसाठीच की.

सीमावासी_८६५

हेच तर सत्तर वर्षं चाललंय ना! जोपर्यंत बेळगाव महाराष्ट्रात जात नाही तोपर्यंत

मॉडरेटर

थांबा. सीमाप्रश्नाचा धागा वेगळा आहे, तिथं जाऊन लिहा. इथं पगाराचंच बोला. वरचा प्रतिसाद अर्धा ठेवलाय, पुढचं उडवलंय.

हिशोबनीस

भाषेबद्दल, सीमाप्रश्न न काढता. १९३६ च्या कायद्याच्या कलम २५ मध्ये लिहिलेलं होतं की कारखान्यात कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि तिथल्या बहुसंख्य कामगारांच्या भाषेत लावायचा. राज्याच्या भाषेत असं नाही, कामगारांच्या भाषेत. म्हणजे बहुसंख्य मराठी असतील त्या कारखान्यात मराठीत लावायला कायद्याची आडकाठी कधीच नव्हती, उलट तेच अपेक्षित होतं. कन्नड असायला हवीच, त्याबद्दल वाद नाही. शेजारी एक मराठी कागद चिकटवायला काय लागतं, ए-फोर आणि चिकटपट्टी.

मच्छे_गेट

अण्णा आमच्यात आता मराठी बी बहुसंख्य न्हाईत. मोल्डिंगला आणि फेटलिंगला निम्म्याच्या वर ओडिशा, बिहारची पोरं. त्यांना कन्नड येत न्हाई मराठी येत न्हाई. त्यांच्या रूमचं भाडं, मेसचे पैसे सगळं कॉन्ट्रॅक्टरच कापतोय आणि उरलेलं टाकतोय. त्यातल्या एकाला विचारलं तुझी हजेरी किती, त्याला माहीतच न्हाई. महिन्याला घरी किती धाडले तेवढंच सांगतोय. त्यांच्यापुढं आम्ही बरं.

कागल_फाइव्हस्टार

मी निपाणीजवळचा, रोज कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीला कामाला जातो. इकडची पोरं म्हणत्यात महाराष्ट्रात लई बरं असतंय. तिथं काय सोनं लागलेलं न्हाई. स्लिप मिळत्या, व्हॉट्सॲपवर पीडीएफ, बरं वाटतंय. किमान वेतनाचा स्पेशल अलाउन्स तिथं वर्षातनं दोनदा बदलतोय, जानेवारी आणि जुलै, आपल्यात एप्रिलला एकदा. खरं माझ्या स्लिपवर बेसिक बारीक आणि कन्व्हेयन्स, वॉशिंग, स्पेशल, आणि काय काय असे सात-आठ रकाने. पीएफ कापत्यात बेसिकवर. स्लिप असून बी लुटतातच, फक्त पद्धतशीर लुटतात.

हिशोबनीस

नव्या कोडात त्याला लगाम घातलाय. भत्ते मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले तर वरचा भाग वेजेसमध्येच धरायचा. पण तुमच्याकडं स्लिप आहे म्हणून तुम्हाला सात-आठ रकाने दिसले तरी, बोट ठेवून बोलता येतं. मच्छे_गेट यांना बोट ठेवायला जागाच नाही.

गणपत_गल्लीची_सून

दुकानातल्या मुलींचं कुणी बोलत नाही म्हणून लिहिते. साडीच्या दुकानात काम करते, सकाळी दहा ते रात्री साडेआठ. पगार कॅशमध्ये, मालकांच्या डायरीत सही. डायरीत उचल, खाडा, दिवाळीचा बोनस सगळं त्यांच्याच अक्षरात. डायरी आमच्या हातात देत नाहीत, ते बोट ठेवतील तिथं सही करायची. मालक माणूस म्हणून वाईट नाहीत, माझ्या नणंदेच्या दवाखान्याला पैसे दिले, परत मागायची घाई पण केली नाही. त्यामुळेच विचारायला तोंड होत नाही. किती फिटले, किती राहिले हे त्यांनाच माहीत.

आणि दुसरं म्हणजे आमच्याबरोबर एक मुलगा आहे, माझ्यानंतर लागला, तेच काम करतो, घड्या घालायच्या, गिऱ्हाईक बघायचं. तो एकदा बोलता बोलता बोलून गेला की त्याला माझ्यापेक्षा दीड हजार जास्त आहेत. त्याला नंतर फार वाईट वाटलं, मला म्हणाला ताई सांगू नका कुणाला.

हिशोबनीस

ताई, दुकानांना कर्नाटकात १९६१ चा शॉप्स ॲक्ट आहे, नेमणुकीचा कागद त्यातही आहे, फॉर्म क्यू म्हणतात. पगार त्यात लिहावाच लागतो.

आणि बाई म्हणून कमी देणं १९७६ पासूनच बेकायदेशीर आहे, आता तेच कोड ऑन वेजेसच्या कलम ३ मध्ये आलंय. तेच काम किंवा त्याच धर्तीचं काम असेल तर बाई-पुरुष भेद करता येत नाही.

टिळकवाडी_ते_ट्रेंटन

गणपत गल्लीच्या ताईंचं वाचून लिली लेडबेटर आठवल्या. अमेरिकेत अलाबामात गॅड्सडेन म्हणून गाव आहे, तिथल्या टायरच्या कारखान्यात त्या १९७९ ला लागल्या, सुपरवायझर होत्या. पगार कुणाशी बोलायचा नाही अशी तिथली पद्धत. १९९८ मध्ये कुणीतरी त्यांच्या खणात निनावी चिठ्ठी टाकली, त्यावर त्यांचा आणि त्याच हुद्द्यावरच्या पुरुषांचा पगार. यांना महिन्याला ३,७२७ डॉलर आणि सगळ्यात कमी मिळणाऱ्या पुरुषाला ४,२८६. केस सुप्रीम कोर्टापर्यंत गेली आणि २००७ मध्ये ५ विरुद्ध ४ नं हरल्या. कारण काय दिलं, तर तक्रार भेदभावाच्या निर्णयानंतर १८० दिवसांत करायला हवी होती, उशीर झाला. आता माहीतच नव्हतं तर तक्रार करणार कशी? शेवटी कायदाच बदलावा लागला, जानेवारी २००९ मध्ये ओबामांनी सही केली, कायद्याला नाव लेडबेटर यांचंच. त्यांना स्वतःला मात्र त्यातनं एक डॉलर मिळाला नाही.

तुमच्याकडच्या त्या मुलानं चिठ्ठीचंच काम केलंय ताई. त्याला वाईट वाटायचं कारण नाही.

छोटा_कारखानदार

इथंच माझा विरोध आहे. स्लिप द्या, मान्य. रजिस्टर ठेवा, मान्य. पण शेजाऱ्याचा पगार किती हे सांगायचा कायदा भारतात नाही आणि नसलेलाच बरा. परदेशात मोठ्या कंपन्या, एचआर, ग्रेड, सगळं ठरलेलं असतं. माझ्याकडं ग्रेड म्हणजे मी स्वतः. कोण किती कामाचा आहे ते मला माहीत असतं.

हिशोबनीस

भारतात जाहिरातीत पगार लिहायची सक्ती नाही हे खरं. पण कामगारानं आपला पगार दुसऱ्याला सांगू नये असं सांगणारा कायदाही नाही. ऑफरलेटरमध्ये "पगार गोपनीय" असं कलम टाकतात तेवढंच. अमेरिकेत १९३५ च्या कायद्यानं बहुतेक खाजगी कामगारांना आपसात पगार बोलायचं संरक्षण आहे. ब्रिटनमध्ये २०१० च्या कायद्यानं, भेदभाव आहे का हे बघायला पगार बोलले तर असं कलम लावता येत नाही. आपल्याकडं निदान चहाच्या टपरीवर कोण कुणाला अडवत नाही.

आणि ग्रेड म्हणजे मी स्वतः, असं म्हणालात साहेब, तर तुमच्याकडं पॅकिंगला बायका असतील, त्यांचा आणि हेल्परचा दर एकच आहे का? उत्तर इथं लिहू नका, घरी बघा.

अनगोळचा_बंड्या

अण्णा आज फॉर्मात हायत 😂

चिकोडीचे_गुरुजी

एक जुनी गोष्ट जोडतो. माहितीचा अधिकार २००५ ला आला तो काही दिल्लीतल्या सेमिनारमधून आला नाही. राजस्थानात देवडुंगरी नावाच्या खेड्यातून १९९० मध्ये मजदूर किसान शक्ती संघटन सुरू झालं, अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह ही मंडळी. दुष्काळी कामावर मजुरांना किमान मजुरी मिळत नव्हती, विचारलं की इंजिनियर म्हणायचा तुम्ही तेवढं कामच केलं नाही, मस्टरमध्ये, म्हणजे हजेरीपटात, लिहिलंय. मजूर म्हणाले दाखवा मस्टर. तर म्हणे ते सरकारी गुपित! पुढं जनसुनावण्यांत गावासमोर मस्टर वाचलं गेलं तर मेलेल्या माणसांची हजेरी, परगावी गेलेल्यांचे अंगठे. १९९६ ला ब्यावरमध्ये चाळीस दिवस धरणं. देशातला एवढा मोठा कायदा मुळात हजेरीपट बघायला मागण्यातून उभा राहिला, हे आमच्या पोरांना शाळेत कुणी सांगत नाही.

मच्छे_गेट

अपडेट देतो. हिशोबनीस अण्णांनी मला मेसेजात सांगितलेलं की पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतोय, त्यानंतर पासबुक बघ. पीएफ खात्याचा यूएएन नंबर माझ्याकडं नव्हताच, कॉन्ट्रॅक्टरच्या पोरानं लई फिरवलं मग दिला. सायबरमध्ये जाऊन पासबुक काढलं. त्यात त्या महिन्याला वेजेस लिहिलंय ७,२८०. माझा हिस्सा ८७४, मालकाचा २६८ आणि पेन्शनचे ६०६. हे काय हाय?

हिशोबनीस

७,२८० भागिले ५६०. तेरा. तुमच्या २६ हजेरी पीएफच्या चलनात १३ दाखवल्यात.

म्हणजे असं झालं: तुमच्या पगारातनं पीएफच्या नावानं तुमचे १,७४७ आणि त्याचे १,८९३ असे ३,६४० कापले. भरले साधारण १,८२०, खर्चाचा टक्का धरून. अर्धे खिशात. ईएसआय पण तसंच असणार, तेही बघून घ्या, कारण तिथं हजेरी कमी दाखवली की आजारपणात अंगावर येतं. सिकनेसचे पैसे मिळायला सहा महिन्यांत ७८ दिवसांची भरणा लागते. महिन्याला तेराच दाखवल्या तर सहा महिन्यांचे नेमके ७८ होतात, एक जरी खाडा पडला की तुम्ही बाहेर.

निपाणीची_अक्का

मेल्यानं बरोबर हिशोब करून ठेवलाय बघा. ह्याला स्लिप लिहिता येत न्हाई म्हणतोय व्हय?

मच्छे_गेट

डोकं सुन्न झालंय. आता काय करू? एकटा गेलो तर बंड्या म्हणालाय तसंच हुणार.

हिशोबनीस

एकट्यानं जाऊ नका. ज्यांची पासबुकं निघतील त्यांची सगळ्यांची काढा, बँकेची एंट्री शेजारी लावा. पीएफची तक्रार ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ ऑफिसच्या, ऑनलाइन तक्रार पोर्टलवर करता येते, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पगाराच्या कपातीची तक्रार वेगळी, ती लेबर ऑफिसला. कोड ऑन वेजेसमध्ये त्याला तीन वर्षांची मुदत आहे, आधी एक वर्षच होतं. कापलेली रक्कम परत आणि वर दहापटीपर्यंत भरपाई देता येते. सगळ्यात कामाचं कलम ५९. पगार बरोबर दिला हे सिद्ध करायचं काम मालकाचं, कामगाराचं नाही. त्यानं स्लिप दिली नाही, रजिस्टर ठेवलं नाही, तर अडचण त्याची.

पण खोटी आशा देत नाही. स्लिप दिली नाही म्हणून लगेच कुणी आत जात नाही. इन्स्पेक्टरचं नावच आता इन्स्पेक्टर-कम-फॅसिलिटेटर आहे, आधी सुधारायची संधी द्यायची, मग कारवाई, आणि ती पण दंडाची. कॉन्ट्रॅक्टर एक महिना स्लिप देईल, फोटो काढेल आणि थांबेल. म्हणून मुख्य कंपनीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. त्यांना बाहेरच्या पार्टीचं ऑडिट असतं, कॉन्ट्रॅक्ट लेबरची कागदं तिथं तपासतात. लेबर ऑफिसपेक्षा ऑडिटला जास्त घाबरतात, अनुभवाचं सांगतो.

खानापूरचा_पावणा

ओडिशाच्या पोरांना बी घ्या बरोबर. त्यांचं जास्त गेलं असणार.

छोटा_कारखानदार

हे मात्र चोरी आहे, त्याची बाजू मी घेणार नाही. असल्या कॉन्ट्रॅक्टरमुळं आम्ही रेटमध्ये मार खातो, तो स्वस्तात माणसं देतो ते असं.

एक विचारतो हिशोबनीस. माझ्या स्लिपवर ओटीचा रकाना नाही. ओटी मी सिंगल रेटनं देतो, सगळेच देतात इथं. नव्या फॉर्मॅटमध्ये तास आणि दर लिहायचा म्हटलं तर मी अडकतो की.

हिशोबनीस

अडकताच. ओटी दुप्पट दरानं द्यायची हा १९४८ पासूनचा नियम आहे, काल निघालेला नाही. रकाना नाही म्हणून आजवर दिसलं नाही, एवढंच.

छोटा_कारखानदार

दुप्पट दिली तर जॉबवर्कचा रेट परवडत नाही. पार्टीला सांगा म्हणावं.

कागल_फाइव्हस्टार

पार्टी म्हणणार तिच्या पार्टीला सांगा 😀

गणपत_गल्लीची_सून

मी काल मालकांना म्हटलं, माझ्या उचलीचं पान मला वहीत उतरवून घेऊ द्या. जरा बघितलं माझ्याकडं, मग दिली डायरी. माझ्या हिशोबापेक्षा कमीच बाकी निघाली, त्यांनी दिवाळीला काही रक्कम सोडलेली मला सांगितलीच नव्हती. त्या मुलाच्या दीड हजाराचं मात्र अजून काढलं नाही. ते कसं काढायचं ते कळत नाही.

निपाणीची_अक्का

आधी फॉर्म क्यू माग बाई. त्यात पगार लिहिताना विषय आपोआप निघतोय.

मच्छे_गेट

अकरा जणांची पासबुकं निघाली, सगळ्यांचे तेरा किंवा बारा दिवस. अर्ज मराठीत लिहिलाय, कन्नडमध्ये कोणतरी करून द्या, ऑफिसात घेत न्हाईत न्हाईतर. आणि अण्णा, पाकिटातली ओटी बी अर्जात घालायची काय? तिचा कागद कायच न्हाई, खरं किती तास थांबलो ते मी मोबाईलमध्ये तारखेनं लिहून ठेवलंय.

हिशोबनीस

घाला. तारीख, शिफ्ट, तास, पाकिटात किती मिळाले, जसं आहे तसं. गेटच्या पंचिंगचं रेकॉर्ड कंपनीकडं असतं, ते मागवा असं शेवटी एक ओळ टाका. कन्नड मी बघतो, मला पाठवा.